डावा वेगळा, उजवा वेगळा

होळी झाली की आमच्या घरात बसायला जागा उरत नाही. खुर्चीवर साड्या, पलंगावर साड्या, टीव्हीच्या पुढ्यात साड्या. प्रत्येकीला टाचणीने चिठ्ठी टोचलेली: ‘मीनाबेन, शुक्रवार’, ‘तळमजला, साखरपुडा’, ‘घाई आहे’. खिडकीतल्या दोरीवर भिजवून पिळलेले फॉल लटकत असतात, राणी, शेवाळी, आमसुली, हळदी. फॉल आधी पाण्यातून काढला नाही तर साडी पहिल्यांदा धुतल्यावर तो आटतो आणि काठाला चुण्या पडतात, हे ज्ञान मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी मिळालं. ऑफिसला निघालो होतो आणि राणी रंगाचं पाणी खांद्यावर ठिबकलं. ‘पुसू नकोस, पसरेल,’ एवढंच म्हणाली नंदा. शर्ट गेला तो गेलाच.

नंदा माझी बायको. साड्यांना फॉल-बिडिंग करून देते, घाटकोपरला पंतनगरात, आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीतून. आम्ही दोघं लालबागच्या एकाच चाळीत वाढलो. दोघांचे वडील गिरणीत, दोघांची गावं तळकोकणात. गिरण्या बंद झाल्या, खोल्या विकल्या, माणसं पांगली. आम्ही दोघं तेवढे एकमेकांना चिकटून इकडे आलो. त्यामुळे ती मला अरे-तुरेच करते. लग्नानंतर माझ्या आईने तिला ‘अहो’ म्हणायला सांगून पाहिलं. ‘तो काय एवढा मोठा लागून गेलाय?’ असं तिने सासूलाच विचारलं, आणि विषय संपला.

यंदाही लग्नसराई आलीय. पण साड्या आता पलंगाच्या एका कडेला मावतात. टीव्ही दिसतो. खुर्चीवर बसता येतं. लोकांना वाटतं, बरं झालं, वय झालं, काम कमी केलं. मला त्या रिकाम्या खुर्चीवर बसवत नाही.

पूर्वी तिचं काम बघत बसायला मला आवडायचं, हे मी तिला कधी सांगितलं नाही. फॉल हाताने शिवायचा असतो. आतून शिवायचा, पण बाहेरच्या बाजूला टाका दिसता कामा नये. साडीचा एक धागा, फार तर दोन, सुईने उचलायचे आणि पुढे सरकायचं. ती बोलता बोलता शिवायची, भांडता भांडता शिवायची, आणि सुई ओवायची तर अशी, की दोरा ओठातून काढला, हात वर नेला आणि झालं. मी एकदा प्रयत्न केला होता. पाच मिनिटांनी म्हणाली, ‘ठेव ते. सुईलाच घाम फुटलाय.’

आणि रंग. मॅचिंगच्या दुकानातला माणूस तिला घाबरायचा. तो रीळ काढून द्यायचा, ही दुकानाच्या पायरीवर जायची, उजेडात साडीचा काठ आणि दोरा शेजारी धरायची आणि परत करायची. ‘हा मेंदी आहे. मला शेवाळी पाहिजे.’ मी मध्ये बोललो की, ‘तू गप रव. तुला सगळं हिरवंच.’ दहा रिळांतून ती एक उचलायची आणि ते लावल्यावर खरंच दिसेनासं व्हायचं.

हे सगळं ती एका डोळ्यावर करत होती, हे बाहेर फार कोणाला माहीत नव्हतं. आठ वर्षांची असताना गावी विटी-दांडू खेळताना तिच्या डाव्या डोळ्याला विटी लागली. गावात डॉक्टर नव्हता, आजीने दुधाची पट्टी ठेवली, सूज उतरली, पण नजर पुरती परत आली नाही. डाव्या डोळ्याने तिला माणूस आहे एवढं कळतं, कोण आहे ते नाही. ‘माझा डावा शोभेचा आहे,’ ती म्हणायची. उजवा एकटा दोघांचं काम ओढायचा. इतकी वर्षं त्याने ओढलं, त्यामुळे आम्ही त्याचा कधी विचारच केला नाही.

आता माझ्या कामाबद्दल सांगतो, कारण सगळं तिथून सुरू होतं. कुर्ल्याला एका ट्रान्सपोर्ट कंपनीत मी कागद भरतो. कुठला माल, कोणाचा, कुठून कुठे, गाडीचा नंबर, परवाना. एक रकाना रिकामा राहिला तर ट्रक नाक्यावर उभा राहतो, ड्रायव्हर मला फोनवरून शिव्या घालतो आणि आतला भाजीपाला सडतो. तीस वर्षांत माझ्या कागदामुळे एकही गाडी अडली नाही. मला त्याचा माज होता, लपवून काय करू. माझा नियम साधा: काळं पेन, सुटी अक्षरं, आणि रकाना रिकामा सोडायचा नाही. सांगण्यासारखं काही असेल तर पूर्ण सांगायचं, नसेल तर ‘निरंक’ लिहायचं. इंग्रजी फॉर्म असेल तर ‘निल’. रेषा मारून मोकळं होणाऱ्या माणसांचा मला राग येतो.

पंतनगरात आमच्या चार बिल्डिंगमध्ये कोणाला रेशनकार्ड बदलायचंय, मुलाला शाळेत घालायचंय, म्हाडाची लॉटरी भरायचीय, सगळे माझ्याकडे येतात. ‘काका, तुमच्या हातचा फॉर्म परत येत नाही.’ मी चष्मा पुसायचो, टेबलावरच्या साड्या बाजूला सारायचो आणि बसायचो. नंदा म्हणायची, ‘बसले कलेक्टर.’ मला ते आवडायचं.

चार वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत, अशाच एका सकाळी, ती म्हणाली की डोळ्यापुढे काळे ठिपके नाचतायत. मी म्हटलं, काम जास्त झालंय. दुसऱ्या दिवशी म्हणाली, कडेला वीज चमकल्यासारखं होतंय. मी म्हटलं, पित्त असेल. त्या आठवड्यात घरात साठ-सत्तर साड्या होत्या. मीनाबेनच्या मुलीचं लग्न होतं, मामाकडच्या साड्या, देण्याघेण्याच्या साड्या, आणि खुद्द नवरीचं लाल घरचोळं. मीनाबेन समोरच्या बिल्डिंगमधल्या. वीस वर्षं त्यांच्या घरातली प्रत्येक साडी नंदाच्या हातून गेलेली.

तिसऱ्या दिवशी, शुक्रवारी, नंदाने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, ‘अरे, वरून काहीतरी खाली आलंय. दारावरचं तोरण दिसत नाहीये.’ मी वर बघितलं. तोरण होतं.

डोळ्यांच्या हॉस्पिटलात डॉक्टर तरुण होती, बोलायला स्पष्ट. डोळ्याच्या आतला पडदा वरच्या बाजूने सुटलाय, म्हणाली. मधला भाग अजून चिकटलेला आहे, म्हणून यांना समोरचं नीट दिसतंय. तो सुटायच्या आत ऑपरेशन झालं तर नजर वाचते. सुटल्यावर केलं तर पडदा बसेल, नजर बसेलच असं नाही. ‘उद्या सकाळी घेते मी. आज रात्री ॲडमिट करा.’ मग डाव्या डोळ्यात बॅटरी मारून बघितली. ‘यांच्याकडे हा एकच आहे,’ असं ती माझ्याकडे बघून म्हणाली.

एवढं स्पष्ट सांगितलं होतं. माझ्या कानांनी ऐकलं होतं. हे मी परत परत स्वतःला सांगतो, कारण नंतर लोक मला समजावतात की तुम्हाला काय कल्पना होती. मला कल्पना होती.

खाली इन्शुरन्सच्या टेबलावर एक मुलगी बसली होती. पॉलिसी दोघांची, सात वर्षांची, एक हप्ता चुकलेला नाही. तिने कागद पाठवले आणि तासाभरात कंपनीचा प्रश्न आला. डोळ्यांसंबंधी याआधी काही तक्रार, इजा किंवा उपचार असल्यास कधीपासून, सविस्तर लिहा. मुलगी म्हणाली, ‘काका, उजव्या डोळ्याला आधी काही नव्हतं ना? मग नाही लिहा आणि सही करा.’

नंदा शेजारी डोकं कलतं ठेवून बसली होती. डॉक्टरने तसं सांगितलं होतं. मी खिशातून काळं पेन काढलं. विचारलंय तर पूर्ण सांगायला नको? मी लिहिलं: वय वर्षे आठ असताना विटी लागून डाव्या डोळ्यास इजा. तेव्हापासून डाव्या डोळ्याची दृष्टी अधू. उजव्या डोळ्याची तक्रार: निल. जागा पुरली नाही तर पाठीमागे लिहिलं. अक्षर इतकं सुबक आलं होतं की मी तो कागद नंदाला दाखवला.

‘तुला विटीचं कोणी विचारलं होतं रे?’ ती म्हणाली.

‘खरं तेच लिहिलंय.’

‘खरं आहे रे. पण विचारलं होतं का?’

खरं लिहिल्याचा मला पस्तावा आहे का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. खरं लिहिलं म्हणून वाईट वाटत नाही. पण ते लिहिताना मला जे बरं वाटत होतं, त्याची लाज वाटते. बायकोचा डोळा जात होता आणि मी रकान्यात अक्षरं कशी बसतात ते बघत होतो.

शनिवारी सकाळी उत्तर आलं. डोळ्याला पूर्वीची इजा आहे, पॉलिसी घेताना सांगितलेली नाही, तपासणी होईपर्यंत मंजुरी देता येत नाही. पॉलिसी घेतानाचा फॉर्मही मीच भरला होता. ‘सध्या काही आजार?’ या रकान्यात मी ‘निल’ लिहिलं होतं. पस्तीस वर्षांपूर्वीची विटी म्हणजे आजार, असं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. टेबलावरची मुलगी म्हणाली, ‘काका, तुम्ही पैसे भरा, ऑपरेशन करून घ्या, मागाहून क्लेम करा.’

माझी मुलगी केतकी दिंडोशीहून धावत आली होती. नोकरी करते, नवराही करतो. ती म्हणाली, ‘बाबा, मी भरते आत्ता. तुम्ही सही करा फक्त.’ तिने फोन बाहेर काढलासुद्धा. आणि मी तिला थांबवलं. माझे शब्द मला पाठ आहेत. ‘तू का भरायचे? मग पॉलिसी काय लोणचं घालायला घेतलीय? डावा डोळा वेगळा, उजवा वेगळा. त्यांची चूक आहे, एका फोनचं काम आहे. दुपारपर्यंत मंजुरी आणतो.’

पैसे नव्हते असं नाही. हे सगळ्यांत वाईट आहे. पैसे नसते तर मी आज कंपनीला, सरकारला, नशिबाला शिव्या घालून मोकळा झालो असतो. पुष्कळांकडे खरंच नसतात, आणि ते हॉस्पिटलच्या जिन्यावर बसून नातेवाइकांना फोन लावताना मी बघितलेत. माझ्याकडे मुलगी फोन हातात घेऊन उभी होती. मला फक्त हरायचं नव्हतं. तीस वर्षांत माझा कागद परत आला नव्हता, तो त्या दिवशी आला, आणि तो मला बरोबर करून घ्यायचा होता.

दुपार झाली. डॉक्टर दुसऱ्या ऑपरेशनला निघून गेली. नंदाला घरी आणलं, कारण मंजुरीशिवाय खाट अडवून कशाला ठेवायची. डॉक्टरने जाताना सांगितलं, ‘आडवं राहा, हलू नका, आणि जरा जरी खाली आलं तर लगेच सांगा.’ नंदा साड्यांच्या ढिगांमध्ये उशीवर डोकं कलतं ठेवून पडून राहिली. पडून राहिल्यावर सावली थोडी वर जाते, म्हणाली. आम्हाला दोघांनाही तेवढ्याने बरं वाटलं.

त्या रविवारचा दिवस मला अख्खा आठवतो. उन्हाने गच्ची तापलेली, पंखा गरम वारा फेकतोय, खाली मीनाबेनच्या मांडवाचे बांबू ठोकले जातायत. मी टेबलावर पॉलिसी, फॉर्मची प्रत, डॉक्टरचा कागद असं सगळं मांडून हेल्पलाइन लावली होती. एक दाबा, तीन दाबा, गाणं ऐका. मुलगा बदलायचा, मी पहिल्यापासून सांगायचो. ‘ऐका ना. डावा वेगळा, उजवा वेगळा. विटी डाव्याला लागली. पडदा उजव्याचा सुटला. माणसाला दोन डोळे असतात, बरोबर?’ दुपारी कधीतरी एक जण म्हणाला, ‘सर, पॉइंट बरोबर आहे तुमचा, सीनियरना जोडून देतो.’ मी खुर्चीत सरळ बसलो. बोलता बोलता नंदाने माझ्या कोपराला हात लावला. चहाचं विचारत असेल असं मला वाटलं. मी पंजा वर केला, थांब म्हणून. सीनियर आला, त्याला पहिल्यापासून सांगितलं, त्यानेही पॉइंट बरोबर आहे म्हटलं, आणि लेखी पाठवा म्हणाला. मी संध्याकाळपर्यंत दोन पानी पत्र लिहिलं. उत्तम पत्र होतं.

सोमवारी नकार आला. दोन ओळींचा. मी तरीही दिवसभर भांडलो. संध्याकाळी केतकीने मला न विचारता पैसे भरले आणि मला फोन करून सांगितलं, ‘उद्या सकाळी सातला आईला घेऊन या.’ ती भांडली नाही, एक शब्द जास्त बोलली नाही. तिने तेव्हा मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

मंगळवारी सकाळी डॉक्टरने परत तपासलं. मागे सरली आणि म्हणाली, ‘मधला भाग सुटलाय. कधीपासून समोरचं दिसत नाहीये?’ मी बाजूलाच उभा होतो. नंदा म्हणाली, ‘आज सकाळी उठल्यापासून.’ डॉक्टरने ते कागदावर लिहिलं आणि तिला आत नेलं.

त्या उत्तरावर मी चार वर्षं जगलो. आज सकाळी म्हणजे रात्रीत गेला. सोमवारी रात्रीपर्यंत होता. म्हणजे पैसे भरले तेव्हा होता, थोडक्यात हुकलं. माझी चूक आहे, पण तीत नशिबाचाही थोडा वाटा आहे. माणूस स्वतःला असं समजावत असतो. मी ते इतक्या वेळा केलं की मला ते खरं वाटायला लागलं होतं.

ऑपरेशन झाल्यावर पंधरा दिवस तिला उपडं पडून राहायचं होतं. डोळ्यात गॅस भरलेला, तोंड जमिनीकडे. घरात न झालेल्या साड्या तशाच होत्या. ती उशीत तोंड घालून मला सांगायची, ‘डाव्या ढिगात खालून चौथी, जांभळी, ती तळमजल्यावर नेऊन दे. शिवली नाही म्हण.’ मी एकेक साडी न्यायचो, माफी मागायचो, चिठ्ठी काढून परत यायचो. घरचोळं घेऊन मीनाबेनकडे गेलो तेव्हा घरात मेंदीचा वास होता आणि पाहुणे जेवत होते. मीनाबेनने साडी हातात घेतली, उलटून बघितली. अर्धा फॉल लागलेला होता, सुई अजून तिथेच टोचलेली. ‘भाई, तुम्ही टेन्शन नका घेऊ. अर्धा राहू दे, असाच नेसवते हिला. नंदाबेनचा हात लागलाय ना,’ त्या म्हणाल्या. मी जिन्यात थांबून रडलो. मांडवाचा माणूस लाइटच्या माळा घेऊन वर येत होता, म्हणून भिंतीला पाठ लावून त्याला वाट दिली.

नजर आली, पण कशी, तर पाण्यातून बघितल्यासारखी. सरळ रेघ तिला वाकडी दिसते. साडीचा काठ मधेच मोडतो. रंग कळतात, पण जवळजवळचे दोन रंग एकमेकांत मिसळतात. मॅचिंगच्या दुकानात ती परत एकदा गेली होती. पायरीवर उभी राहून बराच वेळ दोन रिळं धरून होती. मग आत येऊन म्हणाली, ‘तुम्हीच द्या बघून.’ दुकानदाराने मला नजरेने विचारलं, काय झालं म्हणून. मी रिळं बघत राहिलो.

आता बहुतेक काम ती मशीनवर करते, अंदाजाने. हाताचा फॉल ठरावीक जुन्या गिऱ्हाइकांचा घेते आणि तोही बोटांनी चाचपून. सुया मी ओवतो. कामावर जायच्या आधी दहा सुयांत दहा रंगांचे दोरे ओवून उशीत टोचून ठेवतो, डावीकडून फिकट ते गडद. पहिल्या वर्षी मला अर्धा तास लागायचा. आता दहा मिनिटांत होतं. ती म्हणते, ‘सुधारलास.’

आणि मी जिंकलो, तेही सांगितलं पाहिजे. कंपनीला पत्रं, मग वरची तक्रार, मग विम्याच्या लोकपालांकडे अर्ज. दीड वर्ष मी फाइल घेऊन फिरलो. सुनावणीला समोरच्या माणसाने कागद वाचला, कंपनीच्या माणसाला म्हणाला, ‘इजा डाव्या डोळ्याला आहे ना? मग?’ पाच मिनिटं लागली. सगळे पैसे मिळाले. बिल्डिंगमध्ये बातमी पसरली, लोक घरी आले. ‘काका, मानलं तुम्हाला. झकास काम केलंत. कोण एवढं लढतो?’ कोणीतरी पेढेसुद्धा आणले. नंदाने चहा केला. कप भरताना तिला काठ कळत नाही म्हणून ती आत बोट धरते, चहा बोटाला लागला की थांबते. पाहुण्यांपैकी कोणाच्या ते लक्षात आलं नाही. मी पेढा खाल्ला.

तेव्हापासून लोक क्लेमचे कागदही माझ्याकडे आणतात. मी भरून देतो. पण आधी विचारतो, पेशंट कुठे आहे, डॉक्टर काय म्हणाला, किती वेळ आहे. वेळ कमी असेल तर फॉर्म बाजूला ठेवतो आणि सांगतो, आधी सोनं ठेवा, भावाला फोन करा, ऑफिसात हात पसरा, पण ऑपरेशन करून घ्या. भांडायला मी आहे. बरेच ऐकतात. काही जण म्हणतात, ‘पण काका, आपलं हक्काचं आहे.’ मी त्यांना ओरडतो. नंदा आतून म्हणते, ‘हळू बोल रे.’

गेल्या आठवड्यात केतकीने एक फॉर्म आणून दिला. दोन्ही डोळे अधू असल्याचा सरकारी दाखला मिळतो, आईला प्रवासात वगैरे उपयोग होईल म्हणाली. रविवारी दुपारी मी बसलो. खुर्चीवरच्या दोनतीन साड्या बाजूला ठेवल्या, चष्मा पुसला. नंदा शेजारी पलंगावर एका मोरपंखी साडीचा काठ बोटांनी चाचपत होती. नाव, पत्ता, वय. डावा डोळा, कधीपासून: वय वर्षे आठ. कारण: अपघात, विटी लागून. उजवा डोळा, कधीपासून. ती तारीख मला पाठ आहे, तरी सवयीने मोठ्याने म्हटलं, ‘मंगळवार.’

‘रविवार,’ नंदा म्हणाली.

मी वर बघितलं.

‘रविवारी दुपारी गेला तो. तू हेल्पलाइनवर होतास. डावा वेगळा, उजवा वेगळा चाललं होतं तुझं. मी तुझ्याकडेच बघत होते. तुझे कान दिसत होते, फोन दिसत होता, आणि मधलं तोंडच दिसेना.’

‘डॉक्टरला तर मंगळवार सकाळ सांगितलंस.’

‘तू बाजूला उभा होतास ना.’

एवढंच म्हणून ती परत काठ चाचपायला लागली. मी विचारायला नको ते विचारलं. ‘अगं, पण मला त्याच वेळी सांगायचंस ना.’

‘हात लावला होता मी तुला,’ ती म्हणाली, आणि तिने पंजा वर केला, थांब म्हणून, हुबेहूब मी करतो तसा. तो पंजा तिच्या त्या पाण्यातल्या नजरेपुढे थोडा वेळ तसाच राहिला. ‘मग मला वाटलं, पडून राहिलं की जाईल वर, सकाळी जायचं तसं. नाही गेलं. आणि तू इतकं जीव तोडून भांडत होतास माझ्यासाठी. नंतर सांगून तुला नुसता त्रास झाला असता.’

चार वर्षं तिने ती दुपार माझ्यापासून लपवली. सोमवारचा अख्खा दिवस मी गेलेल्या डोळ्यासाठी भांडलो आणि ती पलंगावर पडून ते ऐकत होती. मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. मी खुर्चीत बसून राहिलो.

त्या तारखेनंतर फॉर्मवर उजव्या डोळ्याचा एकच रकाना उरला होता. कारण: जन्मजात, आजार, अपघात, इतर. इतर असल्यास सविस्तर लिहा. त्याखाली तीन ओळींची जागा होती. शनिवार ते सोमवार मी काय केलं ते लिहायला माझ्या अक्षरात ती पुरली असती.

‘आजार लिही आणि सही कर,’ नंदा म्हणाली. ‘मीनाबेनची मुलगी बाळाच्या बारशाला नेसणार आहे ही साडी. दोरा ओवून दे मला.’

मी आधी रविवारची तारीख लिहिली. मग कारणाच्या रकान्यात ‘आजार’ लिहिलं. इतक्या वर्षांत इतके फॉर्म भरले, त्यांत जाणूनबुजून लिहिलेलं खोटं हे एकच. पेनाला टोपण लावलं आणि तिच्या हातातली सुई घेतली.